अर्धं वाक्य कुणी खाल्लं?

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन. ती नऊला झोपते, म्हणून मी घाबरूनच उचलला. पलीकडून थेट प्रश्न आला, "अगं, माझे आईबाप लग्न न करताच राहत होते का?"

तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला होता. 'ख्रिश्चन लोक तुमच्या लग्नाकडे कसं बघतात? वाचा आणि दहा जणांना पाठवा.' पाच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बोट. एक, दुसऱ्या धर्माच्या पद्धतीनं लागलेलं लग्न ख्रिस्ती लोक लग्नच मानत नाहीत, व्यभिचार मानतात. दोन, माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं आधीचं लग्न आपोआप मोडतं. तीन, अशा लग्नाची मुलं बायबलप्रमाणे 'अशुद्ध', म्हणजे अनौरस. चार, चर्चमध्ये पुन्हा लग्न लावल्याशिवाय बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, देत नाहीत. पाच, मंगळसूत्र तोडायला लावतात.

आत्याला हे झोंबलं, कारण आजी-आजोबांचं लग्न 1949 साली मोहोळकडच्या एका खेड्यात मांडवात लागलं होतं, अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणून. पुढं आजोबा गिरणीत लागले आणि सोलापूरला आले. आत्या 1952 ची. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला 1955 ला, आजीनं थेट 1961 ला. मधली सहा वर्षं घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू, आणि माझे वडील नेमके त्याच सहा वर्षांतले. मेसेजच्या हिशेबानं आमचं अख्खं घरच रद्दबातल.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते. बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, ही सरळ लबाडी आहे.

मेसेजमध्ये आधार दिलाय तो येशूचा प्रेषित पौल याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा (बायबलातलं एक पुस्तक), 7:14, म्हणजे सातवा अध्याय, चौदावं वचन. आधार खरा आहे, म्हणून तर आत्या घाबरली. मी तिला तिचंच बायबल उघडायला लावलं आणि बारापासून चौदापर्यंत मोठ्यानं वाच म्हटलं. करिंथ हे ग्रीकांचं गाव. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांपुढं आमच्या आजोबांचाच प्रश्न होता. मी विश्वास धरला, घरधनीण अजून जुन्याच देवळात जाते, आता काय करू? पौल सांगतो, ती तुझ्याबरोबर नांदायला राजी असेल तर तिला सोडू नकोस. बाईलाही तेच सांगतो, नवऱ्याला सोडू नकोस. पुढं म्हणतो की विश्वास न धरणारा जोडीदार दुसऱ्यामुळे पवित्र झालेला आहे. तसं नसतं तर तुमची मुलं अशुद्ध असती, पण आता ती पवित्र आहेत.

मेसेजवाल्यानं यातले तीन शब्द उचलले, 'तुमची मुले अशुद्ध'. आधीचं 'नसतं तर' खाल्लं, 'असती' खाल्लं, शेवटचं 'पवित्र' तर गिळूनच टाकलं. 'पाऊस झाला नसता तर ज्वारी गेली असती' या वाक्यातलं फक्त 'ज्वारी गेली' उचलायचं आणि तलाठ्याकडं भरपाईचा अर्ज घेऊन जायचं, तसला प्रकार. वर 'अशुद्ध'चा अर्थ 'अनौरस' हा कुठून काढला? तो शब्द सोवळ्याओवळ्याच्या अर्थाचा आहे, जन्माच्या दाखल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि याच एका वचनात पहिला मुद्दाही बुडतो. पौल त्या दोघांना नवरा-बायको म्हणतो आणि एकमेकांना सोडू नका म्हणतो. हे त्याच्या लेखी पाप असतं तर त्यानं भीड ठेवली असती असं वाटतं का? दोनच अध्याय आधी, पाचव्यात, बापाच्या बायकोला ठेवून घेणाऱ्या माणसाला मंडळीतून काढून टाका असं तो स्पष्ट लिहितो. बायबलमध्ये योसेफाची बायको मिसरी पुरोहिताची मुलगी, मोशेची बायको मिद्यानी पुरोहिताची. येशूला क्रूसावर देणारा पिलातही रोमी अधिकारीच, तरी शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्याच्या बायकोला बायकोच म्हणतो.

कॅथलिकांचं वेगळं असेल, असं आत्याच म्हणाली. (आम्ही प्रोटेस्टंट. दुसऱ्याच्या माथी खापर फोडायला आम्हीही कमी नाही.) तर पोप तिसऱ्या इनोसंटनं 1201 सालीच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानं पापांची क्षमा होते, लग्न मोडत नाही. एक फरक मात्र आहे. दोन बाप्तिस्मा झालेल्यांच्या लग्नालाच ते संस्कार (सॅक्रमेंट, चर्चचा पवित्र विधी) म्हणतात. बाकीच्यांचं लग्न पक्कं, पण तो संस्कार नव्हे. 'संस्कार नाही'चं 'लग्नच नाही' कुणी केलं असेल ते सांगायला नको.

दुसरा मुद्दा, आपोआप मोडतं. इथं अर्धा दाणा खरा आहे, नाइलाजानं कबूल करते. पंधराव्या वचनात पौल म्हणतो, विश्वास न धरणारा स्वतःच सोडून गेला तर जाऊ द्या, मागं राहिलेला बांधलेला नाही. कॅथलिक कायद्यातही यावरून सवलत आहे. पण सोडून जायचं ते समोरच्यानं! इंग्रजांनी 1866 साली यासाठी कायदा केला, त्यातही ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात अर्ज करावा लागे, जोडीदार नांदायला तयार नाही हे दिसावं लागे आणि वर वर्षभर थांबावं लागे. आपोआप मोडत असतं तर एवढा उपद्व्याप कशाला केला असता? आजच्या हिंदू विवाह कायद्यातही जोडीदारानं धर्म बदलला तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. मागता येतो, घरबसल्या होत नाही. मराठी माणसाला तर कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण पुरावं. 1895 ला ते ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाही झाल्या. काही वर्षं ताटातूट झाली, पण बायको म्हणून त्याच राहिल्या, पुन्हा एकत्र संसार केला आणि स्वतःला पटलं तेव्हा स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

चौथ्या मुद्द्याबद्दल मला जास्त राग आहे, कारण त्याला खतपाणी आमच्यातलेच घालतात. इथल्याच एका लहान फेलोशिपमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थना मंडळीत, आमच्या ओळखीच्या जोडप्याला, पदरी दोन मुलं असताना, 'आधी देवासमोर लग्न करा' म्हणून पुन्हा उभं केलं होतं. बाई लाजेनं मान वर करत नव्हती. याला बायबलात आधार नाही. कॅथलिकांतही दोघांचा बाप्तिस्मा झाला की तेच जुनं लग्न संस्कार ठरतं, नव्यानं विधी लागत नाही. आजीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आजोबांनी पाळकसाहेबांना विचारलं होतं, आता पुन्हा लग्न लावायचं का? ते म्हणाले, "अक्षता एकदा पडल्या ना? मग झालं." दर भोगीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर त्याच्या योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता टाकणाऱ्या सोलापुरात याहून जास्त बोलायची गरजही नव्हती.

मेसेजच्या तळाशी 'सुप्रीम कोर्टानंही मान्य केलंय' अशी शेपूट आहे. 2008 चा एक निकाल आहे, पण तो ख्रिस्ती मुलगा आणि हिंदू मुलगी यांनी देवळात हिंदू पद्धतीनं केलेल्या लग्नाचा. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात, म्हणून ते टिकलं नाही. अशांसाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. यात चर्चचं मत कुठं आलं?

मंगळसूत्र. दागिनेच नको म्हणणारे काही पंथ आहेत, हे खरं. आजीनं स्वतःचं मोडलं नाही, दोन वाट्यांच्या मधोमध सराफाकडून नखाएवढा क्रूस बसवून घेतला. ते आता आत्याच्या गळ्यात आहे. फोनवर बोलताना ती त्याच्याशीच चाळा करत असणार, मणी रिसीव्हरला लागल्याचा आवाज येत होता.

काल तिनं त्या वचनाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली, फोटो काढला आणि मेसेज पाठवणाऱ्या काकूंना टाकला. दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. आज सकाळी मात्र त्यांचं 'शुभ सकाळ' आलं, गुलाबाच्या फुलासकट.