अंगठाबहाद्दर

माझे वडील अंगठाबहाद्दर होते. सोसायटीच्या कर्जरोख्यावर, खरेदीखतावर, पंचनाम्यावर त्यांनी आयुष्यभर जांभळ्या शाईचे अंगठे उमटवले आणि एकाही कचेरीने ते कधी नाकारले नाहीत. मी बी.ए. झालो, वळणदार सही करू लागलो, आणि पीएम किसानच्या हप्त्यासाठी माझ्याकडे मागितला गेला तो अंगठाच. शिवाय तो नापासही झाला.

ही योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० चा हप्ता. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी’चे तेवढेच आणखी घातले. केंद्राच्या रकमेचा भागाकार केल्यास दिवसाला साडेसोळा रुपयेही पडत नाहीत. परंतु हप्ता बुडाल्याचे दुःख रकमेवर नसते; ते शेजारच्या बांधावर मोबाइल वाजला आणि आपला मुका राहिला, यावर असते. माझा दोनदा मुका राहिला, तेव्हा ‘ई-केवायसी’, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, राहिल्याचे कळले.

सेवा केंद्रातल्या पोराने काचेच्या डबीवर अंगठा ठेवायला सांगितले. तांबडा दिवा लागला. ‘‘काका, हात धुऊन या.’’ धुतले. ‘‘आता पुसून कोरडे करा.’’ केले. मग थोडे खोबरेल, मग धोतराचा सोगा, मग उरलेली नऊ बोटे, असे सर्व संस्कार यथासांग पार पडले. पण आठवडाभर विळ्याने कांदा कापलेल्या त्या बोटांवर यंत्राला एकही रेषा सापडेना. ज्या कामामुळे मी शेतकरी ठरत होतो, त्याच कामाने मी शेतकरी असल्याचा पुरावा घासून टाकला होता. रांगेत माझ्यापुढे असलेल्या, पुण्यात किराणा दुकान चालवणाऱ्या आणि शेतात फक्त हुरड्याला येणाऱ्या चुलतभावाचा अंगठा मात्र पहिल्याच टेकणीला स्वीकारला गेला. तो प्राप्तिकर भरतो का, हे मी विचारले नाही. भरणाऱ्याला ही योजना लागू नाही, आणि आमच्यात भाऊबंदकी आधीच पुरेशी आहे.

अखेर त्या पोराने मोबाइलवर चेहरा दाखवण्याचा मार्ग काढला. ‘‘पापण्या मिटा, उघडा.’’ लग्नातल्या फोटोग्राफरने पापणी मिटली म्हणून माझे तीन फोटो वाया घालवले होते. इथे पापणी मिटल्याबद्दलच मी उत्तीर्ण झालो.

तरीही पैसे येईनात. पोर्टलवर पाहिले, तर हप्ता जमा झाल्याची नोंद होती. मी गावच्या बँकेत चार वेळा पासबुक छापले; शेवटी तिथल्या कारकुनाने, ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, ते खाते कोणते हे तुम्हीच आठवा, असे सांगून खिडकी मोकळी करून घेतली. ते आठवले बायकोला. ‘‘अहो, बाजाराच्या दिवशी फुकट छत्री मिळते म्हणून खाते काढलं होतं ना?’’

छत्री पहिल्याच वळवात उलटली होती. खाते मात्र तालुक्याला शाबूत होते. दोन एसट्या बदलून गेलो. काउंटरवरच्या बाईंनी खाते पाहिले, पैसे आहेत म्हणाल्या, परंतु बराच काळ व्यवहार नसल्यामुळे खाते निष्क्रिय झाले होते आणि ते जागे करण्यापूर्वी ओळख पटवणे आवश्यक होते. मी खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि सही कुठे करायची, असे विचारले.

बाईंनी काचेची डबी माझ्याकडे सरकवली.