केस गळतो आज, निघालेला असतो तीन महिन्यांपूर्वी

मावशीने मला पाठवलेला आणि तिला आणखी कुणीतरी पाठवलेला मेसेज थोडक्यात असा: "केस गळतायत? शंभर टक्के थायरॉईड! पण गोळीच्या नादी लागू नका. गोळी केसांची मुळं मारते, म्हणून तर ती सुरू केल्यावर केस जास्त गळतात. गोळी बंद करा, बायोटिन आणि आयोडीन घ्या. २१ दिवसांत फरक. डॉक्टर हे सांगणार नाहीत."

मावशी नुसता मेसेज पाठवून थांबली नव्हती, तिने गोळीही थांबवली होती. म्हणून त्यातलं एकेक वाक्य धरून लिहिते आहे.

"केस गळतायत म्हणजे थायरॉईड"

डोक्यावर लाखभर केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हा नेहमीचा हिशेब आहे. त्याहून जास्त गळू लागले तर थायरॉईड हे एक कारण असू शकतं. शरीरात लोह कमी असणं, बाळंतपण, मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरवलेलं वजन हीसुद्धा नेहमीचीच कारणं आहेत. वर्षानुवर्षं भांग रुंदावत गेला किंवा कपाळ मागे सरकत गेलं, तर ते बहुतेकदा आनुवंशिक असतं.

थायरॉईडमुळे केस गळतात तेव्हा ते सगळ्या डोक्यावर सारखे विरळ होत जातात. गळ्यातली ही ग्रंथी कमी काम करत असेल तर केस कोरडे, राठ होतात, मध्येच तुटतात. काहींच्या भुवयांचं बाहेरचं टोकही विरळ होतं. ग्रंथी जास्त काम करत असेल तर उलट, केस बारीक आणि मऊ पडतात, पण गळतात तेव्हाही. आणि केस सहसा एकटे तक्रार करत नाहीत. एकीकडे थकवा, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठता. दुसरीकडे धडधड, घाम, हातांचा कंप.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. तिचं थायरॉईडशी नातं आहे, पण आडवळणाने. चाईमध्ये आणि थायरॉईडच्या बऱ्याच आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते, म्हणून एक असलेल्या माणसात दुसरं सापडण्याची शक्यता जास्त. पण टीएसएच (थायरॉईडची नेहमीची रक्तचाचणी; ग्रंथी मंदावली की तिचा आकडा वाढतो) जागेवर आली म्हणून चाई भरेलच असं नाही.

खरी पंचाईत होते ती बाळंतिणीची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणं अगदी नेहमीचं, आणि त्याच पहिल्या वर्षात काही जणींच्या थायरॉईडला सूज येते. तिथे "सगळ्यांचेच गळतात गं" म्हणून गप्प बसू नये आणि "थायरॉईडच आहे" म्हणून ठरवूनही टाकू नये. रक्त तपासावं.

"गोळी केसांची मुळं मारते"

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे, कारण त्यात थोडं खरं आहे. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत काहींचे केस जास्त गळतात. लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉईडच्या याच गोळीच्या, माहितीपत्रकातही ते लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं असतं तर निम्मी घबराट टळली असती, तेव्हा ती तक्रार मला मान्य आहे.

आता मावशीचं कॅलेंडर बघा. जूनमध्ये टीएसएच १८ आली, म्हणजे बरीच वाढलेली, आणि गोळी सुरू झाली. ऑगस्टमध्ये कंगव्यात केसांचा पुंजका येऊ लागला. तिने सरळ जोड लावली: गोळी आली आणि केस गेले.

पण केस असा तडकाफडकी जात नाही. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आवरतं घेतं, आणि पुढे सुमारे तीन महिने तो न वाढता नुसता जागेवर बसून राहतो. त्यानंतर पडतो. थायरॉईडचं हार्मोन केसाला वाढीच्या काळात टिकवून ठेवायला मदत करतं. ते कमी पडलं की बरेच केस एकदमच विश्रांतीला जातात. म्हणजे मावशीच्या कंगव्यात ऑगस्टमध्ये आलेल्या केसांनी मे-जूनमध्येच, टीएसएच वाढलेली असतानाच, काम थांबवलं होतं. गोळी आली तेव्हा त्यांचा निरोपसमारंभ आधीच ठरलेला होता. शिवाय हार्मोन मिळाल्यावर थंडावलेली मुळं पुन्हा कामाला लागतात आणि खालून येणारा नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो.

मावशीने मला एक केस बोटावर ठेवून दाखवला होता. टोकाला पांढरा, साबुदाण्यापेक्षाही बारीक गोळा. "बघ, मुळासकट आलाय." तो गोळा म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती संपवून पडणाऱ्या प्रत्येक केसाला तसं टोक असतं. केस तयार करणारं मूळ कातडीतच राहतं आणि दुसरा केस घडवतं.

गोळी जास्त झाली तरीही केस गळू शकतात, हे मात्र लक्षात ठेवावं. गळणं चार-सहा महिन्यांनंतरही थांबत नसेल तर डोस बघायला हवा. डोस ठरल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करतात. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. हे अंतर न पाळल्यामुळे डोस पुरत नाही आणि दोष मात्र थायरॉईडच्या गोळीला, असं बरंच होतं.

"बायोटिन घ्या"

बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि त्याची कमतरता फार क्वचित आढळते. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळीत ते ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला धड पुरावा नाही. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, घ्या बापडे.

पण हे बायोटिन रक्ताच्या रिपोर्टमध्ये गोंधळ घालतं. प्रयोगशाळांच्या अनेक चाचण्यांमध्ये बायोटिन हेच डिंकासारखं वापरलेलं असतं. रक्तातच ते भरमसाट असेल तर चाचणीतल्या बायोटिनची जागा तेच अडवतं. मग टीएसएच खोटी कमी आणि टी-४, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, खोटं जास्त दिसतं. म्हणजे ग्रंथी मंद असलेल्या माणसाचा कागद सांगतो की ग्रंथी सुसाट धावते आहे. कागद बघून डोस कमी केला जातो आणि केसांची पुन्हा तीच गत. हा घोळ थायरॉईडपुरताही राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, कारण हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची चाचणीही यामुळे खोटी कमी येऊ शकते. बायोटिन घेतच असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि रक्त देतानाच तसं सांगा.

"आयोडीन घ्या"

आयोडीन हा थायरॉईड हार्मोनचा कच्चा माल. तो कमी पडला तर ग्रंथी अडते, हे खरं. पण प्रौढांची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅमची आहे, आणि ती भागत असेल तिथे ग्रंथी मंदावण्याचं मुख्य कारण हाशिमोटोचा आजार असतं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते. कारखान्याची यंत्रं मोडत असताना दारात कच्च्या मालाच्या गाड्या उभ्या करून काय होणार? उलट जादा आयोडीनने अशी ग्रंथी आणखी मंदावू शकते.

जाता जाता सेलेनियम या खनिजाबद्दल. "थायरॉईडसाठी" म्हणून तेही हल्ली सुचवलं जातं. ते जास्त झालं तर केसच गळतात.

"२१ दिवसांत फरक"

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. २१ दिवसांत नवं काही दिसलंच तर भांगाजवळ खुंट दिसतील.

तरी मावशी म्हणाली, "अगं, पण गोळी सोडल्यावर गळणं खरंच कमी झालं." झालंच असणार. जूनपासून घेतलेल्या गोळीने ऑगस्टपर्यंत मुळं सावरली होती, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पडायला केसच कमी उरले. आणि हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. गोळी सोडून २१ दिवस झाले तरी आठवा हिस्सा शिल्लक असतो, त्यामुळे तोवर माणसाला बरंच वाटत असतं. कमाई जुलैच्या गोळीची, जमा झाली बायोटिनच्या खात्यावर. मेसेज पुढे ढकलला जातो तो नेमका याच तीन आठवड्यांत.

पाच आठवड्यांनी मावशीने गोळी पुन्हा सुरू केली. तेव्हाच तिला सांगून ठेवलं होतं की या खंडाची वसुली वर्षअखेरीला होईल. डिसेंबरमध्ये तिचा फोन आला. आवाजात घाबरणं नव्हतं, थोडा वैताग होता. "परत पुंजका आला कंगव्यात," म्हणाली, "हे सप्टेंबरचंच ना गं?"