कोडी सोडवा, बायको मिळवा

गेल्या रविवारी मामेभावाच्या लग्नात नवरदेवाची एन्ट्री 'नेस्सुन दोर्मा'वर झाली. धूर, स्लो मोशन, सगळं. एक जण मला म्हणाला, "काय रोमँटिक गाणं आहे ना ताई!" मी म्हटलं अरे हे कुठलं गाणं आहे माहितीये का, तर म्हणे असू दे गं, ट्यून भारी आहे. तर यापुढे ज्यांना या ट्यूनवर बोहल्यावर चढायचंय त्यांच्यासाठी इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरातनं, म्हणजे संगीत नाटकातनं, थोडं मार्गदर्शन.

आधी स्थळ नीट निवडा. तुरांदोत, पेकिंगची (म्हणजे आजच्या बीजिंगची) राजकन्या, लग्नाला आलेल्यांना तीन कोडी घालते, उत्तर चुकलं की मुंडकं उडवते. आपला नायक कालाफ, राज्य गेलेला राजपुत्र, तिला पहिल्यांदा बघतो तेव्हा ती पर्शियाच्या राजपुत्राला मारायची खूण करत असते, आणि त्याच्या जरासं आधी हाच पठ्ठ्या ओरडत असतो की समोर ये, तुला शाप देतो. ती आली, एक शब्द बोलली नाही, आणि हा पाघळला. पत्रिका जुळवत बसणाऱ्यांना हे कळायचं नाही.

आकड्यांकडे लक्ष देऊ नका. पिंग, पांग, पोंग हे मंत्री हिशोब सांगतात, उंदराच्या वर्षी सहा मेले, कुत्र्याच्या वर्षी आठ, चालू वाघाच्या वर्षात आकडा तेरावर आलाय. आता तुमची पाळी, शुभेच्छा.

राज्य गेल्यावर ताटातूट झालेला म्हातारा बाप आत्ताच भेटलाय आणि नको रे म्हणून रडतोय? रडू दे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, कोडी सोडवायला तयार आहे म्हणून गाँग (मोठी घंटा) तीनदा वाजवा.

उत्तरं पाठ करा: आशा, रक्त, तुरांदोत. (तिसरं म्हणजे पेपरफुटीच.)

एवढं करून ती बापाला विनवते की मला या परक्याला देऊ नका. घाबरू नका, आता तुम्हीच कोडं घाला, पहाटेपर्यंत माझं नाव शोध, सापडलं तर मी मरायला तयार. मग फर्मान निघतं की नाव कळेपर्यंत शहरात कुणी झोपायचं नाही, नाहीतर मरा. हेच ते 'नेस्सुन दोर्मा', कुणी झोपू नये! अख्खं पेकिंग जिवाच्या भीतीनं जागं आणि हा बागेत उभा राहून गातोय मी जिंकणार, मागून बायकांचा कोरस येतो की त्याचं नाव कुणाला कळणार नाही आणि आपल्याला मरावं लागणार. यावर तुमच्या करवल्या नाचत होत्या.

आणि शेवटची टिप, घरात एखादी लिऊ ठेवा. दासी. राजवाड्यात तुम्ही एकदा तिच्याकडे बघून हसलात, तेवढ्यावर ती तुमच्या बापाला सांभाळत, त्याच्यासाठी भीक मागत गावोगाव फिरली पाहिजे. मग तिला पकडून आणतील, नाव सांग म्हणून छळतील, आणि ती म्हणेल नाव फक्त मला माहितीये, सांगणार नाही, आणि सैनिकाचा खंजीर हिसकून स्वतःला मारून घेईल. कालाफ तिथेच असतो हो. त्याला बांधलं होतं म्हणे. हात बांधले होते, तोंड बांधलं होतं का? सोडा तिला म्हणून ओरडतो पण नाव काही सांगत नाही, कारण पैज हरेल ना साहेबांची! आणि तिला उचलून नेल्यावर काय करतो, तर तुरांदोतला जबरदस्तीनं मिठीत घेऊन चुंबन घेतो, ती विरघळते, आणि मग हा आपणहून आपलं नाव सांगून टाकतो. आपणहून! मग आधी सांगायला काय झालं होतं रे नालायका? ती पोर जिवंत राहिली असती.

पुच्चिनीच्या हातून लिऊच्या मरणापर्यंतच पुरं झालं, 1924 मध्ये तो गेला, पुढचं आल्फानो या संगीतकारानं जोडलं. 25 एप्रिल 1926 ला मिलानमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानिनीनं तिथेच हातातली छडी, बॅटन, खाली ठेवली, पुढचा गोड शेवट त्या रात्री वाजलाच नाही. बरं केलं.

ट्यून भारी आहे हे मलाही कळतं, माझ्याही अंगावर काटा येतो. पण जन्माची गाठ बांधताना निदान एकदा अर्थ तरी बघा रे, मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात असतो. मे महिन्यात धाकट्याचं लग्न आहे. डीजेला मी आजच फोन करून ठेवलाय.