एफआयआरला उशीर झाला म्हणून केस बुडत नाही

कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. खाली ‘वकिलांनी दिलेली माहिती’ अशी पुस्ती आहे, वकील कोण ते मात्र नाही. मजकूर थोडक्यात असा: “गुन्हा घडल्यावर २४ तासांत एफआयआर झाला नाही तर केस गेली. खाली शिक्षा लागली तरी अपिलात आरोपी सुटतोच. उशीर पोलिसांनी केला तरी मार फिर्यादीलाच. त्यामुळं उशीर झालाच असेल तर वेळ जुळवून घ्या, नाहीतर आपसांत मिटवा.”

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं आता सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालतात. त्यामुळं अपील हा विषय चहाच्या गाड्यापर्यंत आला, ते बरंच झालं. पण या मेसेजवर विसंबून कुणी खरोखरच वेळ ‘जुळवली’, तर तो स्वतःच्या हातानं स्वतःची केस घालवेल. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“२४ तासांत एफआयआर.” असा आकडा कायद्यात कुठंच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही नाही. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं असतं, तो आकडा इकडं चिकटवला असावा. मुदतीची अट आहे, पण ती छोट्या गुन्ह्यांना: फक्त दंडाच्या गुन्ह्याला ६ महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला १ वर्ष, त्यापुढं तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला ३ वर्षं. खून, दरोडा, बलात्कार यांना मुदत नाही.

“अपिलात आरोपी सुटतोच.” यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. थुलिया काली खटल्यात (१९७२) सुप्रीम कोर्टानं खुनाच्या आरोपीला सोडलं. तिथं ठाणं दोन मैलांवर होतं आणि फिर्याद २० तासांहून जास्त उशिरा आली. मधल्या वेळात गोष्टीला तिखटमीठ लागतं, खोटी नावं घुसतात, ही कोर्टाची भीती. हा निकाल आरोपीचे वकील आजही वाचून दाखवतात. पण त्याच कोर्टानं ग्यानचंद खटल्यात (२००१) सांगितलं की उशीर हा केस फेकून देण्याचा ठरीव मंत्र नव्हे. उशीर दिसला की कोर्टानं सावध व्हायचं, कारण शोधायचं आणि ते पटतं का बघायचं. लैंगिक अत्याचारात घरची अब्रू, भीती, घरच्यांचा सल्ला यात दिवस जातात, हे तर गुरमित सिंग निकालात (१९९६) स्पष्टच आलं आहे.

म्हणजे तास मोजून निकाल लागत नाही, त्या तासांचा हिशेब मागितला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, गावंच्या गावं तुटली होती. तेव्हा कुणाची फिर्याद चार दिवसांनी आली असेल, तर कोणता न्यायाधीश भुवया उंचावेल? आणि ठाण्यासमोरच राहणारा माणूस दीड दिवसानं आला आणि कारण सांगेना, तर शंका येणारच.

अपिलाची खरी गोम वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. हायकोर्ट नव्यानं साक्षी घेत बसत नाही. खालच्या कोर्टात जे कागद आणि जबाब आले, त्यांचं पेपरबुक पुढ्यात घेऊन पुरावा पुन्हा तोलतं. उशिराचं कारण फिर्यादीनं किंवा तपासी अंमलदारानं तिथं सांगितलंच नसेल, तर सरकारी वकिलानं अपिलात ते तोंडी सांगून भागत नाही. जादा पुराव्याचं दार कायद्यात आहे, पण ते भोकं बुजवायला सहसा उघडत नाहीत. उलट बाजूही आहे. साक्षीदाराचा जबाब उशिरा का घेतला, हे आरोपीच्या वकिलानं तपासी अंमलदाराला उलटतपासात विचारलंच नसेल, तर नंतर त्या मुद्द्याचा फायदा मागता येत नाही, असं रणबीर खटल्यात (१९७३) म्हटलं आहे.

हे कारण लिहायला छापील एफआयआरमध्ये स्वतंत्र रकाना आहे, आठव्या क्रमांकाचा: तक्रार देण्यातील विलंबाची कारणं. तो कितीदा कोरा असतो, ते कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा. सही करण्याआधी फिर्यादीनं तो वाचावा आणि आपलं कारण त्यात घालायला लावावं.

“उशीर पोलिसांचा, मार फिर्यादीला.” पोलिसांचे उशीर एका जातीचे नसतात. एफआयआरची प्रत मॅजिस्ट्रेटकडं विनाविलंब जायला हवी. ईश्वर सिंग खटल्यात (१९७६) ती दोन दिवस गेली नाही आणि कोर्टानं संशय घेतला. पण पाला सिंगमध्ये (१९७२) एफआयआर वेळेत झाला होता, तपासही लगेच सुरू झाला होता, म्हणून नुसती प्रत उशिरा पोचल्यानं काही बिघडलं नाही. साक्षीदारांच्या जबाबाचंही तेच. आपल्याच राज्यातल्या गणेश भवन पटेल खटल्यात (१९७८) सेशन कोर्टानं सोडलेल्यांना हायकोर्टानं शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. काही तासांचा उशीर एरवी खपला असता. तिथं मात्र केसला काय आकार द्यायचा आणि कुणाला प्रत्यक्षदर्शी करायचं हे ठरवण्यासाठी वेळ काढला, असं वाटायला जागा होती.

आता “वेळ जुळवून घ्या”. मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. समजा, शाहूवाडीकडच्या वाडीत रात्री नऊला कुऱ्हाड चालली. जखमीला आधी मलकापूरला सरकारी दवाखान्यात, तिथून सीपीआरला आणलं. केसपेपरवर दाखल झाल्याची वेळ पडली, रात्री पाऊणची. सोबत आणणारा म्हणून भावाचं नाव पडलं आणि मार कसा लागला तेही डॉक्टरांनी विचारून लिहिलं. सकाळी तोच भाऊ ठाण्यात गेला आणि कुणाच्या तरी सल्ल्यानं फिर्याद ‘रात्री साडेबाराची’ दाखवली. एक माणूस रात्री पाऊणला सीपीआरमध्ये आणि साडेबाराला शाहूवाडीत! उलटतपासाला एवढंच पुरतं. वर स्टेशन डायरीतली, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली, नोंद, प्रत कोर्टाकडं पाठवल्याची वेळ (तो एफआयआरचा पंधरावा रकाना) आणि मॅजिस्ट्रेटच्या सहीची तारीख असतेच. माणूस दगावला असेल तर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, तोही बघतात. त्यावर गुन्हा नंबरच नसेल, तर एफआयआर मागाहून लिहून आधीची वेळ टाकली का, हा प्रश्न मेहराज सिंग निकालापासून (१९९४) हमखास येतो.

खरं सांगितलं असतं तर? “भावाला घेऊन सीपीआरला होतो, ऑपरेशन झाल्यावर सकाळी आलो.” जखमीचा जीव आधी वाचवायचा, हे कुठल्याही कोर्टाला समजतं. केसपेपरनंच या जबाबाला आधार दिला असता.

“आपसांत मिटवा” यावर फार बोलण्यात अर्थ नाही. खून किंवा खुनाचा प्रयत्न असे गुन्हे कायद्यानं तडजोडीला मोकळेच नाहीत. ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं लेखी तक्रार पोस्टानं एसपींना पाठवता येते. त्यानंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. पोस्टाची पावती आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. एफआयआर दहा दिवसांनी झाला, तर ते दहा दिवस कुठं गेले हे दाखवायला हेच कागद खटल्यात दाखल करावे लागतात, आणि पुढं अपिलाच्या पेपरबुकात तेच असतात.