७२, ३०० आणि काका

काकांच्या वाढदिवसाला त्यांचेच एक छायाचित्र १६ बाय १२ इंचांत छापून भेट द्यावे, ही कल्पना माझी असल्यामुळे तिचे परिणामही माझ्याच गळ्यात पडले. मोबाईलवर ते छायाचित्र इतके सुरेख दिसत होते की काकांच्या मिशीचा केस न् केस मोजता यावा. छपाईवाल्यांनी मात्र ते मोठ्या पडद्यावर उघडले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "साहेब, फोटो फाटणार." तसे असेल तर कागद जरा जाड घ्या, असे मी सुचवले. फोटो फाटणे म्हणजे मोठा केल्यावर तो धूसर, ठिपकेदार होणे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि "३०० डीपीआयचा आणा" (म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा) एवढेच सांगून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी येऊन पाहतो, तर फाइलमध्ये रिझोल्यूशनच्या, म्हणजे त्याच डीपीआयच्या, चौकटीत ७२ हा आकडा होता. मी तो खोडून तिथे ३०० लिहिले. त्याबरोबर १४ इंच रुंदीचे काका जेमतेम साडेतीन इंचांचे झाले. पडद्यावर मात्र ते तसूभरही हलले नव्हते! फोटोत पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांचे बनते ते रंगीत ठिपके, होते १०२४ बाय ७६८, म्हणजे पावणेआठ लाखांच्या आसपास. ते आधीही तेवढेच होते आणि नंतरही. मी बदलला होता तो फक्त एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याचा हुकूम, आणि तो कागदापुरता. पडदा तिकडे ढुंकूनही पाहत नाही. तो आपला पिक्सेल मोजून मोकळा होतो. (हे ७२ आले कुठून, तर १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल असत आणि मुद्रणातला पॉइंटही इंचाचा ७२ वा भाग धरला होता. ते पडदे कधीच अडगळीत गेले, आकडा मात्र वतनदारासारखा फाइलीत ठाण मांडून बसला आहे.)

तेवढ्यात त्याच खिडकीत 'रिसॅम्पल' (म्हणजे पिक्सेलांची संख्याच बदला) नावाची एक चौकोनी जागा दिसली. तिथे खूण करून मी १६ इंच आणि ३०० हे दोन्ही आकडे एकदम भरले. संगणकाने तक्रार न करता ४८०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी, हजर केले आणि मी खुर्चीतच जरा ताठ बसलो. मग जवळून पाहिले. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? दर २२ पिक्सेलांतले २१ संगणकाने शेजारच्या रंगांवरून अंदाजाने रंगवले होते. काकांच्या सुरकुत्या गेल्या, मिशी ब्रशच्या एका फटकाऱ्यात ओढल्यासारखी झाली आणि एकंदर मेणाच्या पुतळ्याची कळा आली. मेण तर मेण, सवय होईल म्हणून मी ते काकूंना दाखवूनही घेतले.

शेवटी उलगडा झाला तो भाचीकडून. "मामा, हा फोटो तुला चॅटवर आला होता ना? पाठवताना ॲपने तो लहान केला. मूळचा कॅमेऱ्यात असेल." होता, आणि तब्बल ४००० बाय ३००० पिक्सेलांचा. आता गणित मलाच येऊ लागले होते: १६ इंचांत ४००० पिक्सेल, म्हणजे इंचाला २५०. पन्नास कमी पडतात हे कबूल करताना माझा आवाज खाली गेला. छपाईवाले म्हणाले, "चालतंय की. ३०० हातात धरून बघायच्या फोटोला. भिंतीवरच्याला कोण नाक लावतंय?" हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर माझे दोन रविवार वाचले असते, पण मग मी जाड कागदाचाच आग्रह धरून बसलो असतो, हेही खरे.

छपाई अप्रतिम झाली. मिशीचा केस न् केस, कपाळावरची आठी न् आठी, हनुवटीवर दाढी करताना झालेला काप, सगळे जागच्या जागी होते. काकांनी ते बराच वेळ न्याहाळले, नाक लावूनसुद्धा. मग चष्मा पुसत काकूंना म्हणाले, "तू म्हणत होतीस तो गुळगुळीत फोटो कुठे आहे? तो मोठा करून मिळेल का, विचार याला."