फळ्यावरचा एक शब्द

फेब्रुवारी संपत आला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाचा फळा माझ्या ताब्यात येतो. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या आगेमागे रोज एका लेखकाबद्दल दोन ओळी लिहायच्या, असा आमचा रिवाज. फळा दारातच टांगलेला. दारापुढे दगडी ओटा आणि ओट्यासमोर पोह्याचा ठेला. चिटणीस पार्क हाकेच्या अंतरावर असल्यामुळे सकाळी फिरून येणारे, पेपर चाळायला येणारे सगळे याच ओट्यावर टेकतात. तर्री-पोह्याची प्लेट हातात आली की चर्चेला तोंड फुटायला वेळ लागत नाही.

त्या रविवारी मी येत्या १ मार्चची ओळ आधीच लिहून ठेवली होती : ‘मुस्लिम असूनही मराठी संतसाहित्याला आयुष्य वाहणारे थोर संशोधक डॉ. यू. म. पठाण यांचा जन्मदिन.’ अक्षर चांगलं आलं होतं. मनातल्या मनात मी खूश होतो.

सर आले, प्लेट घेतली, फळ्यासमोर उभे राहिले. सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आमचे मराठीचे मास्तर. जन्माने मुसलमान, आणि अख्खी नोकरी पोरांना बाराखडी गिरवून घेण्यात गेलेली. त्यांनी चमच्याच्या टोकाने दुसरा शब्द दाखवला आणि शांतपणे विचारलं, “हे ‘असूनही’ इथं काय करतंय?”

मला प्रश्नच कळला नाही. वकीलसाहेबांना मात्र लगेच कळला. ते म्हणाले, “काहून सर, याच्यात चुकलं काय? कौतुकच करून राहिला नं तो.”

“कशाचं कौतुक?”

“म्हणजे अडचण असून माणूस पुढे गेला, याचं. पाय मोडलेला असूनही शर्यत जिंकला, असं आपण म्हणतोच नं.”

“तेच विचारतोय,” सर म्हणाले. “माझं मुसलमान असणं म्हणजे मोडलेला पाय का?”

ठेल्यावर तेवढा कढईतला झारा वाजत होता. वकीलसाहेबांनी मान खाली घातली. माणूस मनाचा स्वच्छ आहे. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं आणि मलाही तसं लिहायचं नव्हतं. पण शब्दाने म्हणून टाकलं होतं.

मग सरांनी एक जुनी गोष्ट सांगितली. खेड्यातल्या पहिल्या नेमणुकीत शाळेच्या दारातच एका पालकाने त्यांना विचारलं होतं, “उर्दू शाळेचे गुरुजी इकडं कसे आले?” पुढे त्याच पालकाची तीन लेकरं सरांच्या हाताखाली शिकली. निरोप समारंभात तो माणूस उठून बोलला, ‘सरांचं मराठी इतकं शुद्ध, की वाटतच नाही.’ काय वाटत नाही, ते त्याने सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. “त्याचा राग नाही मला,” सर म्हणाले, “प्रेमानेच बोलला तो. पण त्या ‘वाटतच नाही’ने घरी जाईपर्यंत पिच्छा सोडला नाही.”

वकीलसाहेबांची भाची मराठीत एम.ए. करून नेट परीक्षेचा अभ्यास करते आहे. रविवारी ती मामासोबत येते. तिने सरळ तोडगा काढला. “मग धर्माचा उल्लेखच काढून टाका नं काका. संशोधक म्हणा, अध्यापक म्हणा. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख होते, १९९० ला पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २००७ ला पद्मश्री मिळाली. एवढं पुरे आहे की.”

मला ते पटलं. मी डस्टर शोधायला लागलो. पण सरांनी तिलाही अडवलं. “पुसूही नका. माणसाच्या कामात जे आहे ते कसं पुसता? मुसलमान सूफी संतांनी मराठीत काय लिहिलं, यावर त्यांचं आख्खं पुस्तक आहे. मराठी बखरींत फार्सी कशी आलीय, त्यावर त्यांचं संशोधन आहे. हे विषय त्यांनी उगाच निवडले असतील का?”

वकीलसाहेबांना दम आला. “बघा! म्हणजे मीच बरोबर. ‘असूनही’ काढा आणि ‘असल्यामुळे’ लिहा. मुसलमान असल्यामुळे फार्सी जमली, फार्सीमुळे बखरी उलगडल्या. मिटलं.”

इथे पोरगी मामावर अशी उलटली की मला तिचा अभिमान वाटला. “मामा, फार्सी काय जन्माने येते? फार्शी-मराठी कोश कुणी केला? माधव ज्युलियननी. म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धनांनी, १९२५ साली. स्वतः फार्सीचे प्राध्यापक. आणि तोच माणूस पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेऊन लिहायला लागला. सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधनांतून मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला. ते काय मुसलमान होते? पठाण सरांनीही ती भाषा शिकून, घासूनच मिळवली असणार. ‘असल्यामुळे’ म्हटलं की त्यांच्या मेहनतीवर बोळा फिरतो.”

मी ओट्यावर बसून ऐकत होतो आणि मला एकदम लाज वाटली. एका ओळीत मी त्यांना थोर म्हटलं होतं, आणि त्यांचं थोरपण कशात आहे त्याचा त्या ओळीत पत्ताच नव्हता. फार्सीने मराठीत किती खोलवर घर केलंय, ते उकलायला काय लागतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

सरांनी वकीलसाहेबांना त्यांच्याच कोर्टात नेलं. “तुमचा कालचा दिवस सांगा. फिर्याद, दावा, अर्ज, जामीन, तारीख, कागद, दस्तऐवज. सगळे फार्सीच्या वाटेने आलेले. तुम्ही स्वतः वकील, तो शब्दही तिकडचाच. आता साक्षीदार घ्या. साक्षी संस्कृत, दार फार्सी. हा शब्द कोणाच्या बाजूचा म्हणाल?”

“आणि आपण बसलोय कुठं?” भाची म्हणाली. “चिटणीस पार्काजवळ. चिटणीस म्हणजे चिठ्ठी-नवीस. नवीस म्हणजे फार्सीत लिहिणारा. फडणीस तसाच, सबनीस तसाच, पारसनीस तर फार्सी लिहिणाराच. शाळेत समजूतदार मुलगा म्हणतो, छापखाना म्हणतो. शब्द आपला, शेपूट तिकडचं. आता हे कोणी सोडवून वेगळं करून दाखवावं.”

पोहेवाला भाऊ इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “पण महाराजांनी तर हे शब्द काढले होते नं? राज्यव्यवहारकोश करवून घेतला म्हणतात.”

प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो टाळून चालणार नव्हतं. भाचीने नीट उत्तर दिलं. महाराजांनी रघुनाथपंतांकडून कोश करवून घेतला, हे खरं. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, डबीराचे सुमंत, सरनोबताचे सेनापती. स्वतंत्र राज्याला स्वतःच्या तोंडची भाषा हवी होती. तो राज्यकर्त्याचा निर्णय, आणि मोठा निर्णय. पण पेशव्यांचे मुख्य प्रधान केले तरी लोकांच्या तोंडी पेशवे शेवटपर्यंत पेशवेच राहिले, आणि बखरकार पुढेही फौज, किल्ला, खजिना लिहीत राहिले. अभ्यासकाला शब्द हाकलायचाही नसतो आणि ओवाळायचाही नसतो. तो आला कुठून, बदलला कसा, मराठी प्रत्यय लागल्यावर मराठीचा कधी झाला, हे पाहायचं असतं. “पठाण सरांचं काम या जागेवर आहे,” ती म्हणाली. भाऊने मान हलवली आणि तिच्या पोह्यांवर न मागता आणखी तर्री ओतली.

मग गाडी महानुभाव पंथाकडे वळली, कारण विदर्भातला माणूस मराठीचं मूळ शोधायला निघाला की शेवटी रिद्धपूरला पोहोचतोच. गोविंदप्रभूंचं गाव, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा करून लिहिल्या ते ठिकाण. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालंय. या पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं मठात जपल्या. सकळ लिपीची किल्ली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना सापडली तेव्हा विसावं शतक उजाडलं होतं. तिथून पुढे एकेका पोथीचा पाठ लावायचा, तर डोळे फोडून घ्यावे लागत. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते त्यात आयुष्यभर रमले, ‘लीळाचरित्र’ संपादून गेले. महानुभाव साहित्याच्या संशोधनात पठाणांचंही नाव आहे. सर म्हणाले, “कोलत्यांच्या नावाआधी कोणी ‘असूनही’ लावतं का? पोथी तीच, लिपी तीच, मेहनत तीच.”

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं.

तरी वकीलसाहेब हट्ट सोडेनात, आणि त्यांचा मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नव्हता. “सर, तुमचं दुखणं कळलं. पण रस्त्यावरचा माणूस थांबून वाचतो कधी? त्याला नवल वाटलं की. आजकाल जे दिवस आहेत, त्यात एखाद्या पोट्ट्याने हे वाचून म्हटलं, अरे, मुसलमान माणूस एवढा ज्ञानोबा-तुकोबांत बुडाला होता, तर काय वाईट आहे? त्याच्या डोक्यातली एक गाठ तरी सुटेल.”

“गाठ सुटणार नाही, घट्ट होईल,” सर म्हणाले. “हा एक अपवाद निघाला, बाकीचे तसेच, असं म्हणून तो पुढे जाईल.” मग प्लेट ओट्यावर ठेवून ते म्हणाले, “श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद. ‘योगसंग्राम’ लिहिणारे. मालोजीराजांनी त्यांना गुरू मानून मठ दिला, अशी परंपरा सांगतात. त्यांची ओळ तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. म्हणा बरं.”

भाचीने म्हटली, “शेख महंमद अविंध। त्याचे हृदयीं गोविंद।”

“अविंध म्हणजे?”

“ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. म्हणजे मुसलमान.”

“आता ओळ फळ्यावर लिहा आणि मला मधला ‘परी’ शोधून द्या.” सर थांबले. “नाहीच. ‘तरी’ नाही, ‘असूनही’ नाही. एका चरणात अविंध, दुसऱ्या चरणात गोविंद. माणसाने स्वतःची जात लपवली नाही, पुसली नाही आणि अडथळा म्हणूनही सांगितली नाही. दोन चरण शेजारी शेजारी बसवले, बस. मी वर्षानुवर्षं पोरांना हे शिकवलं. पोरांना कळायचं. शब्द आपण मोठी माणसं घालतो मधे.”

ही ओळ मीही शाळेपासून ऐकत आलोय. शाह मुनींचा ‘सिद्धांतबोध’, मुंतोजी, लतीफ शाह, या मुसलमान संतकवींची सगळी नावं परीक्षेसाठी पाठ केली होती. ‘परी’ नाही, हे मात्र कधी दिसलं नव्हतं. वकीलसाहेब ओठांतल्या ओठांत ती ओळ दोनदा पुटपुटले. पटलं म्हणाले नाहीत. “बरं, मग लिहा काय लिहायचं ते,” एवढंच म्हणाले.

मी कोरड्या डस्टरने ओळ पुसली. ‘असूनही’ मी जोर देऊन लिहिला होता, त्याची पांढरी खूण तशीच राहिली. भाऊने ठेल्यावरचं ओलं फडकं दिलं. त्याला तेलाचा वास होता, पण फळा स्वच्छ निघाला. वाळेपर्यंत थांबलो आणि खडू सरांच्या हातात दिला. निवृत्त झाले तरी हात मास्तरचाच, शिरोरेघ एका फटक्यात सरळ. त्यांनी लिहिलं :

‘१ मार्च. युसुफखान महंमदखान पठाण. जन्म १९३०, करमाळा. बखरींतली फार्सी, महानुभावांच्या पोथ्या, मुसलमान सूफी संतांची मराठी : यांचे संशोधक. मराठीचे प्राध्यापक.’

खाली जागा उरली होती. भाचीने विचारलं, शेख महंमदांचे दोन चरण लिहू का? सरांनी खडू तिच्या हाती दिला आणि गार झालेल्या पोह्यांकडे वळले.