झोपलेल्या बाईचा फोटो आणि ‘सराव’

सकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

मी ज्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर आहे, तिथे या आठवड्याचा विषय आहे ‘प्रवासातले चेहरे’. आज एकाने ट्रेनमध्ये झोपलेल्या बाईचा फोटो टाकला. मान कलंडलेली, तोंड उघडं, मांडीवरची पर्स झोपेतही घट्ट धरलेली. खाली लिहिलंय, ‘थकवा. स्ट्रीट फोटोग्राफीचा सराव.’ म्हणजे सार्वजनिक जागी अनोळखी माणसांचे सहज टिपलेले फोटो. त्यावर ‘कमाल टिपलंय’, ‘काय लाइट आहे’ यांचा नुसता पाऊस. तिला विचारलं होतं का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही!

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हाची गोष्ट. आई आणि मी रात्री बसने घरी निघालो होतो. डॉक्टर जे बोलले होते त्याने आई पार खचली होती, आवाज न करता रडत होती. समोरच्या मुलाने कॅमेरा वर केला. आईने रिपोर्टची फाइल तोंडासमोर धरली आणि उतरेपर्यंत तशीच बसून राहिली. बस गच्च भरलेली. उठून जाणार कुठे?

रस्त्यावर माणूस निदान वळू शकतो, पलीकडे जाऊ शकतो. बसमध्ये, ट्रेनमध्ये तो जागेवर अडकलेला असतो. आणि नेमकं म्हणूनच तिथे सराव सोपा जातो. समोरचा हलत नाही, अंतर बदलत नाही, फोकस आधीच लावून ठेवता येतो, मोबाइल बघतोय असं दाखवलं की झालं. याला धाडस म्हणतात हे लोक.

मी हे ग्रुपवर लिहिलं तर लगेच अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सचं नाव पुढे आलं. हो, इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, कोटाखाली कॅमेरा लपवून फोटो काढले. ते चेहरे विसरता येत नाहीत, हेही मान्य. पण त्यांचं पुस्तक आलं १९६६ मध्ये. पंचवीसेक वर्षं थांबला तो! तुम्ही पुढचं स्टेशन यायच्या आत अपलोड करता. आणि त्याच सबवेत १९८० मध्ये ब्रूस डेव्हिडसन हा दुसरा फोटोग्राफर फ्लॅश घेऊन उतरला. डब्यात फ्लॅश लपतो का? तो सोबत आपल्या फोटोंचा अल्बम ठेवायचा, लोकांना दाखवायचा, पुष्कळदा आधी विचारायचा. त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक जागी फोटो काढायला बऱ्याच देशांत मनाई नाही, ठीक आहे. जर्मनीत मात्र १९०७ पासून कायदा आहे की, काही अपवाद सोडले तर, माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. पण माझ्या आईने फाइल वर धरली तेव्हा ती काय सांगत होती, हे कळायला कायदा लागतो का?

हे लिहिता लिहिता त्या ग्रुपवरच्या मुलाचं प्रोफाइल पाहिलं. अगदी कोवळा आहे. खिडकीतल्या प्रतिबिंबांचे, दांड्याला धरलेल्या हातांचे त्याचे फोटो खरंच सुंदर आहेत. नजर आहे पोराला. अनोळखी माणसाशी बोलायची भीती वाटत असणार, ती मीही ओळखते. आधी विचारलं की चेहऱ्यावरचा सहजपणा जातो, तेही खरं. मग नंतर विचार ना बाळा! स्क्रीन दाखव, नाही म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट कर. सराव करायचा तर याचा कर. पण झोपलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. रडणाऱ्याला विचारूच नये.

आई पुढे कितीतरी दिवस मला विचारायची, “त्याने तो फोटो ठेवला असेल का गं?” नवरा आजारी, आणि त्यात हा घोर. काय उत्तर देणार होते मी?

अ‍ॅडमिनला मेसेज केलाय की तो फोटो काढून टाका आणि झोपलेली, रडणारी माणसं आणि लहान मुलं या विषयातून वगळा. अजून उत्तर नाही. त्या मुलालाही वेगळं लिहिलंय, न रागावता. रविवारपर्यंत फोटो तिथेच दिसला तर मी ग्रुप सोडतेय. तुमच्यापैकी जे त्या ग्रुपवर आहेत, त्यांनी मला इनबॉक्समध्ये ‘बरोबर आहे तुझं’ म्हणण्यापेक्षा तिथे, त्या फोटोखाली लिहा.